पोलादी नळ का फुटतो?

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत पाइपलाइन कोणाला नवी नाही. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज या धरणांच्या परिसरात नदीकाठच्या पंपापासून माळावरील शेतापर्यंत ती पोहोचली आहे. ती फुटली तर पिकाचे नुकसान होते; परंतु नैसर्गिक वायूची पोलादी वाहिनी फुटली तर माणसे दगावतात. आंध्र प्रदेशातील नगरम या गावी २७ जून २०१४ रोजी पहाटे गंजलेल्या वायुवाहिनीतून गळती होऊन भडका उडाला आणि २० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दहेजहून उरण-पनवेलमार्गे दाभोळला जाणारी वायुवाहिनी आपल्या राज्यातही आहे. म्हणून पोलाद केव्हा तुटेल, हे आधी सांगता येणे महत्त्वाचे ठरते.

वाहिनीचे पोलाद काचेसारखे ठिसूळ नसते. ते आधी ताणले जाते, मग तुटते. या गुणास तन्यता म्हणतात. पोलादात अशुद्ध द्रव्यांचे सूक्ष्म कण असतात. ताण वाढला की त्या कणांभोवती पोकळ्या निर्माण होतात, त्या वाढतात, एकमेकींना मिळतात आणि अखेर भेग पडते.

मात्र हे किती ताणल्यावर घडेल, हे ताणाच्या प्रकारावर अवलंबून असते. गुळगुळीत सळई ओढली तर ती पुष्कळ लांबते व मध्ये बारीक होऊन तुटते. त्याच सळईला लेथवर खाच पाडली, तर ती फारशी न लांबता तुटते. खाचेजवळील धातूला तिन्ही दिशांनी ओढ बसते व पोकळ्या झपाट्याने फुगतात. राइस व ट्रेसी या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये याचे गणित मांडले. सर्व दिशांच्या सरासरी ताणाचे आकार बदलणाऱ्या ताणाशी असलेले गुणोत्तर गुळगुळीत सळईत सुमारे ०.३३ असते. दोन्ही टोके बंद असलेल्या, आतून दाब असलेल्या पातळ नळात ते सुमारे ०.५८ होते. हे गुणोत्तर १ ने वाढले, तर पोकळ्या वाढण्याचा वेग सुमारे साडेचार पट होतो.

कात्रीसारख्या कर्तन ताणात मात्र हे गुणोत्तर शून्याजवळ असते. तेथे पोकळ्या फुगत नाहीत. त्या चपट्या होऊन, तिरक्या होऊन जुळतात. म्हणून एकाच चाचणीवर विसंबून चालत नाही. गुळगुळीत, खाच पाडलेले व कर्तनाचे असे निरनिराळे नमुने तोडून पाहावे लागतात आणि त्यावरूनच संगणकाद्वारे वाहिनीविषयी भाकीत करता येते.

चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना खाचेचा हा धडा परिचित असेल. इतरांनी एवढे ध्यानात ठेवावे: खोदकाम करताना जेसीबीचा दात वायुवाहिनीला लागला, तर तो ओरखडा मातीने बुजवू नये. काम थांबवून तत्काळ संबंधितांना कळवावे. नळ त्या दिवशी फुटला नाही, म्हणून तो सुरक्षित आहे असे नव्हे.