घराच्या अंतर्भागातील शोभिवंत काँक्रीट : सावर्डे परिसराच्या संदर्भात

प्रस्तुत लेखात घरासाठी मागणीनुसार घडविल्या जाणाऱ्या काँक्रीटच्या वस्तूंचा, म्हणजे मेजाचे पृष्ठ, बैठक, कुंडी, भित्तिशिल्प यांचा विचार केला आहे. आपल्याकडे काँक्रीट ही गिलाव्याखाली झाकण्याची वस्तू समजली जाते. वस्तुतः जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याने १८६७ साली पेटंट घेतले ते लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांसाठी. मुंबईत १९२२ मध्ये स्थापन झालेल्या भारत फ्लोअरिंग टाइल्सच्या नक्षीदार लाद्याही भट्टीत भाजलेल्या नसतात. धातूच्या खणांत रंगीत सिमेंट ओतून, वर कोरडे मिश्रण घालून ती दाबयंत्राखाली दाबतात व लादी पाण्यात मुरवतात.

अशा वस्तूचे मोल सिमेंटात नसून साच्यात असते. सिमेंट साच्यावरील बोटाचा ठसादेखील उचलते. या दृष्टीने सावर्डे येथील सह्याद्री शिक्षण संस्थेच्या कला महाविद्यालयातील शिल्पकलेचे शिक्षण महत्त्वाचे ठरते. शिल्पकाराची रूढ पद्धत अशी : प्रथम मातीत आकार घडवावा, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यावा, माती काढून आत सिमेंट भरावे आणि ते घट्ट झाल्यावर साचा छिन्नीने फोडावा. साच्याचा पहिला थर मुद्दाम रंगीत ठेवतात; रंग दिसू लागला की हात जपून चालवायचा. हे कौशल्य पुतळ्यापुरतेच राखून ठेवण्याचे कारण दिसत नाही. पुतळ्याचे काम क्वचित मिळते, बैठक आणि मेज प्रत्येक घराला लागते.

दुसरी अनुकूलता जांभ्याची. रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प घडविले, ते सिमेंट आणि तेथील जांभ्याची खडी यांतूनच. कोकणात चिऱ्यांच्या खाणीवर जांभ्याचा चुरा सहज मिळतो आणि त्याचा तांबूस रंग वेगळ्या रंगद्रव्याविना वस्तूत उतरतो. मात्र जांभा सच्छिद्र आहे. चुरा चाळून, धुऊन मातकट अंश काढला नाही तर सिमेंटची पकड सैल होते. आणि तो आधी भिजवला नाही तर मिश्रणातले पाणी तोच शोषून घेतो.

वजनाचा प्रश्न मात्र अवघड. साध्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २४०० किलो असते. १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद व ४ जाड असे मेजाचे पृष्ठ जवळजवळ ७० किलो भरेल. जुन्या घराच्या लाकडी माडीवर ते चढवणे शहाणपणाचे नव्हे. लोखंडी सळईऐवजी काचतंतू वापरल्यास जाडी, आणि अर्थात वजनही, निम्म्यावर आणता येते. शिवाय दमट हवेत सळई गंजून पृष्ठ तडकण्याची भीती उरत नाही. परंतु साधी काच सिमेंटच्या अल्कलीने झिजते, म्हणून झिर्कोनियमयुक्त काचतंतूच घ्यावे लागतात.

ओतकामानंतर किमान सात दिवस वस्तू ओली ठेवणे आवश्यक आहे. घाईत वाळवलेल्या वस्तूवर बारीक भेगा पडतात. पावसाळ्यात पांढरा लोणा फुटतो तो निराळ्या कारणाने : आत शिरलेले पाणी चुना विरघळवून वर आणते. तयार पृष्ठावर मेण किंवा संरक्षक लेप देणे म्हणूनच अनिवार्य. कोकणी स्वयंपाकघरात तर अधिकच, कारण आम्ल सिमेंटला खाते. विक्रीपूर्वी वस्तूच्या तुकड्यावर लिंबाचा रस व कोकमाचे आगळ रात्रभर ठेवून पाहावे. डाग राहिला तर लेप पुन्हा द्यावा.