मुक्त आणि मोफत : ग्रंथालयातील सॉफ्टवेअरचा संग्रह

शब्दार्थाच्या संदिग्धतेचे एक आधुनिक उदाहरण म्हणजे इंग्रजीतील 'फ्री' हा शब्द. तो 'फुकट' या अर्थानेही येतो आणि 'स्वतंत्र' या अर्थानेही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली. पुढे त्यांना आपला 'फ्री' पैशाशी नव्हे, स्वातंत्र्याशी निगडित आहे, हे वारंवार स्पष्ट करावे लागले. मराठीत ही अडचण नाही. 'मोफत' आणि 'मुक्त' हे दोन स्वतंत्र शब्द आपल्यापाशी आहेत. आपण मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी आहात. येथे शुल्क भरावे लागते, तरीही विद्यापीठ 'मुक्त'च असते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

ग्रंथालयाच्या दृष्टीने हा भेद केवळ शब्दांचा नाही. पुस्तक वाचकाच्या घरी जाते आणि परत येते. सॉफ्टवेअर घरी नेणे म्हणजे मात्र त्याची प्रत आपल्या संगणकावर बसवणे होय, आणि बहुतेक व्यापारी परवाने अशा प्रती वाटण्यास मनाई करतात. मोफत मिळणारे सॉफ्टवेअरही याला अपवाद असतेच असे नाही. पीडीएफ वाचण्याचे अ‍ॅडोबचे साधन कोणालाही फुकट घेता येते. परंतु ते इतरांना वाटावयाचे असल्यास कंपनीची अनुमती लागते आणि त्याची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या आज्ञा, पाहावयास मिळत नाहीत. मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा त्याचा परवानाच देतो. म्हणून ग्रंथपाल असा संग्रह पेनड्राइव्हवर भरून वाचकास निःशंकपणे देऊ शकतो. मात्र जीपीएल या परवान्याखालील सॉफ्टवेअर अशा रीतीने देताना मूळ संहिताही सोबत द्यावी लागते किंवा ती पुरवण्याची लेखी हमी द्यावी लागते. वाटपाच्या उत्साहात नेमकी हीच अट विसरली जाते.

संग्रहात काय असावे, हे वाचकांवरून ठरते. लेखनासाठी लिब्रेऑफिस सर्वत्र उपयोगी आहेच. वसई-विरार परिसरातील ग्रंथालयाने त्यापुढे जावे, असे मला वाटते. या परिसरात सामवेदी (कादोडी), वाडवळी अशा बोली घराघरांत बोलल्या जातात. शाळेची भाषा मात्र प्रमाण मराठी किंवा इंग्रजी असते. आजीच्या तोंडची गाणी, शेतीतले व लग्नविधींतले शब्द ध्वनिमुद्रित करण्यास 'ऑडॅसिटी' पुरते. उच्चारांचे विश्लेषण करण्यासाठी ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेले 'प्रात' आहे. या डच शब्दाचा अर्थच 'बोलणे' असा आहे. ध्वनिशास्त्राचे संशोधक जगभर वापरतात ती ही साधने वसईच्या वाचकालाही कायदेशीरपणे घरी नेता येतात. बोलीची नोंद ठेवण्यासाठी कोणा संस्थेच्या प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.

बदलण्याच्या मुभेचे महत्त्व लिपीच्या संदर्भात विशेष जाणवते. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. हा भेद लेखनात केवळ रकाराच्या आकृतीवर उभा आहे. मराठीतील 'ल' आणि 'श' यांची रूढ वळणेही हिंदीतील वळणांहून निराळी आहेत. एखाद्या फॉन्टमध्ये ही रूपे नसतील आणि तो बंदिस्त परवान्याचा असेल, तर मराठी लेखकाला निर्मात्याकडे विनंती करण्यापलीकडे काही करता येत नाही. फॉन्ट मुक्त असेल तर जाणकार व्यक्ती तो दुरुस्त करून पुन्हा वाटू शकते. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'मुक्ता' हा देवनागरी फॉन्ट अशाच मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. त्याचे नाव येथे अन्वर्थक ठरते.

कृती : 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द आपल्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर निरनिराळ्या फॉन्टमध्ये टंकित करा. रकाराची रूपे कोठे बिघडतात, ते नोंदवा. त्यांपैकी एका फॉन्टचा परवाना मिळवून वाचा आणि तो फॉन्ट मोफत आहे, मुक्त आहे, की दोन्ही आहे, ते सकारण लिहा.