म्यूऑन : स्फटिकाच्या अंतरंगातील साक्षीदार

धारच्या लाट मशिदीजवळील लोहस्तंभाचे तुकडे या परिसरातील बहुतेकांनी पाहिलेले असतील. चुंबकत्वाच्या दृष्टीने लोखंड हे सर्वांत सोपे प्रकरण होय. त्यातील प्रत्येक अणू हा एक लहानसा चुंबक असतो, आणि लोखंडाच्या एकेका क्षेत्रात हे अणुचुंबक एकाच दिशेकडे तोंड करून असतात. परंतु पुष्कळ स्फटिकांत हा सरळपणा आढळत नाही. मँगनीज सिलिसाइडमध्ये सुमारे २९ केल्विन तापमानाखाली अणुचुंबक मळसूत्राप्रमाणे वळत जातात. एक वेढा पुरा होण्यास सुमारे १८० आंगस्ट्रॉम अंतर लागते. काही मिश्रधातूंत ते वाटेल त्या दिशांना रोखून गोठतात. या अवस्थेला ‘स्पिन ग्लास’ असे नाव आहे.

अशा रचनांत चुंबकत्वाची एकूण बेरीज जवळजवळ शून्य येते. नेहमीचा चुंबकमापक तर बेरीजच सांगतो. गावाची जमाबंदी पाहून कोणत्या घरी चूल पेटली नाही हे कळत नाही, तसेच हे आहे. शिवाय नमुन्यात शेकडा एखादा भाग लोहचुंबकीय भेसळ असली, तर ती बेरीज सरळ फसवते.

म्यूऑन मात्र घरोघर जाऊन चौकशी करतो. हा कण इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड असून त्याचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद आहे. आकाशातून येणारा असा एखादा म्यूऑन दर सेकंदाला आपल्या तळहातातून पार होत असतो. प्रयोगशाळेत मात्र पायॉनच्या विघटनापासून सर्वांचे परिवलन एकाच दिशेला असलेले म्यूऑन मिळवता येतात. धन म्यूऑन स्फटिकात अणूंच्या मधल्या पोकळीत थांबतो आणि तेथील चुंबकक्षेत्रात भोवऱ्यासारखा डुलतो. एक टेस्ला क्षेत्रात हा वेग सेकंदाला सुमारे १३.५५ कोटी फेरे इतका असतो. मरताना तो पॉझिट्रॉन सोडतो, आणि तो बहुधा परिवलनाच्याच दिशेने. हा पक्षपात १९५७ साली गार्विन, लेडरमन व वाइनरिच यांनी दाखवून दिला. असे लक्षावधी पॉझिट्रॉन मोजले की डुलण्याचा ठेका हाती येतो.

ठेका स्वच्छ असेल, तर म्यूऑन थांबतात त्या जागी क्षेत्र एकसारखे आहे, म्हणजेच सुव्यवस्था आहे. तो लगेच विरून गेला, तर क्षेत्रे नानाविध आहेत. ती गोठलेली असली, तर चूर्णरूप नमुन्यात परिवलनाचा एकतृतीयांश अंश टिकून राहतो. क्षेत्रे चंचल असली, तर तोही हळूहळू झिजतो. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल आणखी एका गोष्टीत आहे. किती म्यूऑन डुलले यावरून स्फटिकाचा किती भाग चुंबकीय झाला हे कळते. भेसळीची लबाडी येथे उघडी पडते.

तथापि म्यूऑन नेमका कोठे थांबला हे तो स्वतः सांगत नाही. म्हणून मळसूत्राचा आराखडा न्यूट्रॉनकडूनच मिळवावा लागतो. १९८५ साली सुरू झालेली तुर्भ्याची ‘ध्रुव’ अणुभट्टी त्या कामी आली. म्यूऑनसाठी मात्र आपल्या संशोधकांना इंग्लंडमधील आयसिस किंवा स्वित्झर्लंडमधील फिलिगेन येथे जावे लागते. नमुना तयार करणे, त्याची शुद्धता तपासणे आणि अतिशीत तापमानातील प्राथमिक मोजणी ही कामे इंदूरच्या आंतरविद्यापीठीय केंद्रात, म्हणजे धरमपुरीपासून काही तासांच्या वाटेवर, होऊ शकतात. १९८९ साली स्थापन झालेले हे केंद्र विद्यापीठांतील विद्यार्थ्यांसाठीच आहे.