संपर्क-जोडणी, उपकरणांची
मापन उपकरणे व संगणक यांच्यातील आज्ञा व वाचने यांची देवाणघेवाण ज्या मार्गाने व नियमांनी होते, त्यांस संपर्क-जोडणी (इंटरफेस) म्हणतात. तिची निवड केवळ वेगावरून न करता उपकरणांची संख्या व अंतर पाहून करतात. आरएस-२३२ (१९६०) ही साधी जोडणी सु. १५ मी. अंतरावरील एकाच उपकरणास पुरते. आयईईई-४८८ (१९७५) या समांतर जोडणीत संगणकासह १५ उपकरणे सामावतात. परंतु तारेची एकूण लांबी २० मी. पर्यंतच चालते व सर्वांत मंद ग्राहक उपकरण इतरांस थांबवून धरते. खोडद (जि. पुणे) येथील जीएमआरटी या रेडिओ दूरदर्शकाचे ४५ मी. व्यासाचे ३० आकाशक (अँटेना) सु. २५ किमी. विस्तारात पसरलेले आहेत. म्हणून ते मध्यवर्ती केंद्राशी प्रकाशीय तंतूंनी जोडलेले आहेत. या तंतूंतील संदेशांना विद्युत् चुंबकीय व्यत्यय बाधत नाही.