पाणी आलं आणि ताट बदललं

खोडद बाहेरच्या माणसाला माहीत असतं ते रेडिओ दुर्बिणीमुळे. नारायणगावातून आत वळलं की द्राक्षबागा आणि उसाच्या मागून जाळीच्या अवाढव्य तबकड्या वर येतात. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, एकूण तबकड्या 30. त्यातल्या 14 खोडदजवळ एकवटलेल्या, उरलेल्या 16 तीन दिशांना इतक्या पांगलेल्या की टोकांच्या तबकड्यांत सुमारे 25 किलोमीटरचं अंतर. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ही दुर्बीण उभी केली. दर वर्षी 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमाराला, ती पाहायला शाळांच्या गाड्या भरभरून येतात. दुर्बीण बघून झाली की माणसाला भूक लागते, आणि ‘इथलं काय खावं’ हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं असतं: मासवडी.

नव्वदच्या दशकात हे उत्तर मिळालं नसतं. तेव्हा मी या भागात फिरायचो ते एसटीनं. नारायणगावच्या स्टँडवर उतरलं की मिसळ, भजी, वडा आणि शेव-पाव. ‘राइसप्लेट’ मागितली तर फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा, दोन चपात्या, भात आणि कागदासारखा पापड. मिसळ मात्र तेव्हाही झणझणीत. तमाशाच्या हंगामात फडांच्या राहुट्या नारायणगावात लागायच्या आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला यायचे. तारीख आणि रक्कम यांची घासाघीस शेजारच्या टेबलावर रंगात आलेली असायची, आणि आपल्या पुढ्यातल्या पावावर तर्री. त्या मिसळीची चव आजही जिभेवर आहे. पण घराघरांत जे शिजत होतं, ते एकाही हॉटेलच्या फळ्यावर नसे. बाजरीची भाकरी पैसे देऊन कोण खाणार, असा रोकडा हिशेब होता, आणि त्या काळापुरता तो बरोबरही होता.

मासवडी मला भेटली ती खोडदच्या एका घरात. ओळखीच्या ओळखीनं गेलो होतो, आणि घरात माळकरी पाहुणेही आलेले होते. मटणाच्या तोडीचा, पण माळकऱ्याला चालणारा बेत म्हणजे मासवडी. नावापुरता मासा, तोही आकारात. स्वयंपाकघरात दोन चुली पेटलेल्या. एकीवर फोडणीच्या पाण्याला आधण आलेलं, त्यात मावशी एका हातानं बेसन वैरत होत्या आणि दुसऱ्या हातानं घोटत होत्या. गुठळी होऊ द्यायची नाही आणि पीठ कढईची कड सोडेपर्यंत हात थांबवायचा नाही. सारण आधीच कुटून ठेवलेलं: भाजलेले तीळ, सुकं खोबरं, तळलेला कांदा, लसूण, कोथिंबीर आणि घरचा काळा मसाला. ओलं फडकं पसरून त्यावर सारणाचा थर, वर पिठाचा गरम गोळा थापायचा, मधे पुन्हा सारण, आणि फडक्यानंच उचलून दुमडायचं. मग दोन्ही कडा बोटांनी दाबत लांबट आकार द्यायचा. हे सगळं पीठ गरम आहे तोवरच. निवलं की चिरा पडतात. “हात भाजल्याबिगर मासवडी व्हत नाय, दादा,” मावशी म्हणाल्या आणि बोटं पाण्यात बुडवून पुढच्या गोळ्याकडे वळल्या.

वड्या कापल्या तेव्हा आतल्या सारणाचा काळपट पट्टा आणि बाहेरचा पिवळा काठ. सोबत पातळ, जाळ रस्सा, चुलीवरची बाजरीची भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा. रस्सा वडीवर ओतायचा नाही, वडी रश्शात बुडवायची, हे मला तिथल्या आजोबांनी शिकवलं. त्यांचं म्हणणं, वडी भिजली की तिची कढी होते.

त्या रश्शात टोमॅटो नव्हता. ही गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही, नंतर फार महत्त्वाची वाटली. आज नारायणगावचा बाजार टोमॅटोसाठी राज्याबाहेरही माहीत आहे. मग इथल्या सगळ्यात नावाजलेल्या पदार्थात टोमॅटो का नसावा? मासवडीचं सामान आठवा: हरभऱ्याचं पीठ, तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, मसाला. कोथिंबीर सोडली तर सगळं डब्यात, मडक्यात नाहीतर आढ्याला टिकणारं. हे कोरडवाहू मुलखाचं खाणं आहे. भाजीपाला नसलेल्या महिन्यांत पाहुणा आला तर साठवणीतून सण उभा करण्याची ही युक्ती. हिवाळ्यातली हुलग्याची शेंगोळी त्याच घराण्यातली. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरचीचं वाटण घालून मळायचं, बोटाएवढ्या वळ्या वळायच्या, उकळत्या मसाल्याच्या पाण्यात सोडायच्या. पाणी आपोआप दाट होतं. वेगळी आमटी लागत नाही.

मग कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांनी आणि त्यांच्या कालव्यांनी जुन्नर-आंबेगावचा बराच भाग हिरवा केला. ऊस आला, द्राक्षं आली, टोमॅटो आला, हातात पैसा खेळला. बाजरीच्या रानात नगदी पीक उभं राहिलं आणि रोजच्या ताटात चपाती-भाजी आली. बायकांनाही चुलीपुढं दोन तास बोटं भाजायला सवड राहिली नाही, आणि का राहावी? हुलगा तर पेरायचाच बंद झाला म्हणावा इतका मागे पडला. घरातून मासवडी निघाली ती याच काळात.

जुनं ताट कसं होतं हे मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर पूर्वेला आणे पठारावर जावं. तिथं आजही पावसाच्या भरवशाची शेती जास्त. रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीला आण्यात आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो. प्रचंड कढयांत आमटी उकळते, आजूबाजूच्या गावांतल्या घरांतून भाकरी येतात. माणसं पंगतीला बसतात, भाकरी कुस्करून त्यावर आमटी घेतात. थंडीत त्या तिखट आमटीनं कानशिलं गरम होतात, नाक गळतं, आणि तरी हात थांबत नाही. आजवरच्या फिरण्यात जेवणाची याहून मोठी मेजवानी मी पाहिली नाही, आणि ती फक्त दोन पदार्थांची आहे.

घरातून निघालेली मासवडी हॉटेलात पोचली ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत. शहरातून मोटारी आल्या, कृषी पर्यटन आलं, 2018 मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. रस्त्याकडेला ‘चुलीवरची’, ‘गावरान’, ‘घरगुती’ असे फलक लागले. एकेकाळी पैसे देऊन कोण खाणार असं म्हटलेल्या भाकरीचीच आता थाळी झाली. पश्चिमेला जीवधनच्या पायथ्याशी घाटघरला गिर्यारोहकांना आधी निरोप दिला तर घरी पिठलं-भाकरी मिळायची; तीच रीत आता हमरस्त्यावर धंदा झाली आहे.

यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पूर्वी ज्या कष्टाला शाबासकीपलीकडे काही मिळत नव्हतं, त्याला आता दाम मिळतो. कित्येक ठिकाणी वळणारे हात त्याच गावातल्या बायकांचे आहेत. तक्रार आहे ती घाईची. सकाळी वळून फ्रिजमध्ये ठेवलेली मासवडी मायक्रोवेव्हमध्ये गरम केली की पीठ चिवट होतं आणि तीळ नरम पडतात. मायक्रोवेव्हनं खगोलशास्त्रज्ञांनाही छळलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर 1998 पासून अधूनमधून दिसणारे गूढ संकेत आकाशातले नसून तिथल्याच मायक्रोवेव्हचं दार वेळेआधी उघडल्यामुळे येत होते, हे 2015 मध्ये उघड झालं. खोडदला दुर्बिणीजवळ मोबाइल बंद करायला लावतात तेही अशाच उपद्रवामुळे. चुलीचा मात्र दुर्बिणीला त्रास नाही आणि मासवडीलाही नाही.

एवढ्या वर्षांच्या खाण्यातून माझा एक ठोकताळा बनला आहे. बसल्याबरोबर पाच मिनिटांत मासवडी आली तर ती कधीची आहे ते विचारावं. “अर्धा तास लागंल, चालंल का?” असं जिथं विचारतात, तिथं चालेल म्हणावं. सकाळीच फोन करून सांगितलं तर उत्तम. थंडीत शेंगोळी आहे का, हेही विचारावं. फळ्यावर नसली तरी पाच-दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की ती लागेल. मासवडीही तशीच लागली होती. आणि हॉटेलांना शेंगोळी हवी झाली, तर हुलग्याला भाव येईल आणि कुणीतरी बांधाकडेच्या पट्ट्यात तो पुन्हा पेरेल.