लांबसडक केसांची, इंग्रजीत कशी?

परदेशातल्या स्थळाला मुलीची माहिती इंग्रजीत लिहायला बसलं की पेन अडतंच. खरं तर रीत सोपी आहे. आधी विशेषण, मग जोडरेघ, नंतर अवयवाचं नाव आणि त्याला शेवटी ‘ईडी’. आपल्या ‘-ची’चं काम ते करतं. लांब केसांची ती ‘लाँग-हेअर्ड’, गोल चेहऱ्याची ‘राउंड-फेस्ड’.

पण जपून हं! ‘फेअर-हेअर्ड’ म्हणजे सुंदर केसांची नव्हे, सोनेरी केसांची. ‘बिग-हेडेड’ म्हणजे चक्क गर्विष्ठ, अन् ‘थिक-स्किन्ड’ म्हणजे गेंड्याच्या कातडीची! घाऱ्या डोळ्यांना ‘हेझल-आइड’ त्यातल्या त्यात जवळचं. रंगाबद्दल मात्र लिहूच नये असं मला वाटतं, फोटो जोडतोच ना आपण?

आणि ‘होमली’ हा जोडशब्द नव्हे, तरी सांगते. आपण तो घरेलू म्हणून कौतुकानं लिहितो, अमेरिकेत त्याचा अर्थ दिसायला यथातथाच!