डब्यातलं नाणं आणि डोक्यातले लाख

आटगाव, खर्डी, मुरबाडकडच्या जुन्या घरांत नाण्यांचा एखादा डबा असतोच. भोकाचा पैसा, ढब्बू पैसा, एखाद-दुसरा राणीछाप रुपया, गेंड्याच्या चित्राचे चार आणे. मोबाइलवर 'हे नाणं असेल तर तुम्ही लखपती' असा व्हिडिओ फिरला की डबा माळ्यावरून खाली उतरतो, चिंच-राख लावून नाणी घासली जातात, आणि खरं नुकसान तिथंच होतं. म्हणून घासण्याआधी थोडं समजून घेऊ.

गैरसमज १ : नाणं जितकं जुनं, तितकं महाग.
वस्तुस्थिती : किंमत वयाची नसते; ते किती दुर्मीळ, किती सुस्थितीत आणि किती जणांना हवं, यावर ती ठरते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथं क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. वय जवळपास दोन हजार वर्षं, पण संख्या एवढी की हे नाणं 'कुणाकडेच नाही' असं उरलं नाही. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया अजून शंभरीही गाठलेला नाही, तरी संग्राहक त्याच्या मागावर असतात आणि त्याच्या नकलाही म्हणूनच निघतात. जोगळटेंभीचं मोल वेगळं आहे. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला आहे. हरलेल्याच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याची खूण! लढाईचा निकाल लोकांच्या हातोहात असा पोचला.

गैरसमज २ : नाण्यावरचं साल म्हणजे ते पाडलं ते साल.
वस्तुस्थिती : नेहमीच नाही. १८६१ च्या जानेवारीत आगगाडी आटगाववरून पुढं कसाऱ्यापर्यंत जाऊ लागली आणि पुढच्याच वर्षी '१८६२' सालाचा राणीछाप रुपया निघाला. त्यानंतर १८७४ पर्यंत टांकसाळीनं रुपयावरचं साल बदललंच नाही. त्यामुळे १८६२ चे रुपये उदंड आहेत. १८७७ पासून 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आलं, कारण राणी आता सम्राज्ञी झाली होती. रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. माळेत ओवायला कडी डाखलेल्या किंवा झिजलेल्या रुपयाला सहसा चांदीचाच भाव येतो.

गैरसमज ३ : माहुलीच्या परिसरातली शिवराई म्हणजे महाराजांच्या काळातलीच.
वस्तुस्थिती : एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असा मजकूर असलेलं हे तांब्याचं नाणं शिवाजी महाराजांनी सुरू केलं. मात्र त्यांच्या नावाची पत एवढी की पुढं पेशवाईतही अनेक टांकसाळी शिवराईच पाडत राहिल्या. आज हाती येणाऱ्या बहुतेक शिवराया नंतरच्या आहेत. मजकुराची अक्षरं तुटलेली दिसली म्हणून नाणं खोटं ठरत नाही. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून कडेची अक्षरं चकतीबाहेर राहत.

गैरसमज ४ : घासून लख्ख केलं की भाव वाढतो.
वस्तुस्थिती : उलट पडतो. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी-काळपट थर त्याचं संरक्षण करतो. चिंच, लिंबू, राख किंवा पितळ चमकवायची पेस्ट त्या थरासोबत बारीक अक्षरंही खाऊन टाकते. माती लागली असेल तर शुद्ध पाण्यात भिजवावं आणि मऊ कापडानं नुसतं टिपावं. पिठासारखी सुटणारी फिकट हिरवी भुकटी मात्र रोग समजावी आणि ते नाणं इतरांपासून वेगळं ठेवावं. मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटंही नकोत. त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो. आम्लविरहित कागदाची पाकिटं, घट्ट झाकणाचा डबा आणि आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी सिलिका जेलच्या दोन पुड्या एवढं पुरतं. नाणं उचलताना कडेनं धरावं.

गैरसमज ५ : राम दरबाराचं १८१८ चं कंपनीचं नाणं तांदूळ ओढून घेतं आणि कोट्यवधींना विकलं जातं.
वस्तुस्थिती : ईस्ट इंडिया कंपनीनं असं नाणं पाडलंच नव्हतं. हे देवस्थानांजवळ विकले जाणारे नंतरचे शिक्के. तांदूळ ओढण्याचा खेळ ही हातचलाखी. 'तपासणीसाठी आधी पैसे भरा' म्हटलं की फसवणूक सुरू झाली असं समजावं.

गैरसमज ६ : रिझर्व्ह बँक जुनी नाणी लाखोंना विकत घेते.
वस्तुस्थिती : ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच जाहीर केलं की ती अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ती घरात जपून ठेवण्यात मात्र काहीच गैर नाही.

गैरसमज ७ : नांगरताना सापडलं ते आपलंच, कळवलं तर सरकार सगळं नेतं.
वस्तुस्थिती : दोन्ही चूक. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. लपवल्यास शिक्षा आहे. ठेवा बेवारस ठरला आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा ज्याला सापडला त्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला ठेवा हवाच असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी नेणं मात्र १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं बंद आहे.

नाणी वाचायला शिकायचं असेल तर कसारा घाट चढून नाशिकजवळच्या अंजनेरीला जावं. तिथं नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. त्याआधी घरच्या घरी एक काम होण्यासारखं आहे. प्रत्येक नाण्यासोबत एक चिठ्ठी ठेवा : कुणाच्या माळेतलं, कुठल्या बांधावर सापडलं, घरात कधी आलं. भाव बाजारात कधीही विचारता येतो. माळ कुणाची होती, हे सांगणारं माणूस मात्र घरात कायम राहत नाही.